मदत चालते, भगवी पगडी खुपते?

रानवारा : कालच्या धाग्यावर एका महाभागाने लिहिलं, 'अमर्ट म्हणजे आनंदमार्गाचं भरती खातं, सेक्युलर फक्त पाटीवर.' डोकंच फिरलं. आनंदमार्ग या आध्यात्मिक पंथाने काढलेली, १९६५ पासूनची मदतसंस्था आहे ती. घानाच्या व्होल्टा भागात माफी-झोंगोच्या गावांना पाणी दिलं, नायजेरियात एबोनी राज्यात दवाखाने चालवले. त्यांच्या महिला शाखेने, अमर्टेलने, अथेन्समध्ये निर्वासित आयांसाठी जागा केली. भरल्या छावणीतून आलेली अफगाण बाई तिथे आडोशाला बसून बाळाला पाजते. आनंदमार्गाचे संस्थापक प्रभात रंजन सरकार कोण, हे तिला माहीतही नसेल. यात भरती कुठे झाली?

खडूस_काका : पण पुढे भगव्या पगडीतले 'दादा', म्हणजे आनंदमार्गाचे संन्यासीच ना? रेडक्रॉसला पगडी लागत नाही.

तळकोकणी : काका, क्रॉस चालतो वाटतं?

खडूस_काका : ते स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केलेत. शाळेत काय शिकलात?

बंडू_नाना : पगडीवरून बोलताय म्हणून सांगतो. आणीबाणीत याच लोकांवर बंदी आली. १९८२ ला कोलकात्यात बिजन सेतूवर भरदिवसा सतरा आनंदमार्गींना मारलं. तेव्हा हे सेक्युलरवाले कुठे होते?

रानवारा : नाना, विषय मदतीचा आहे!

जाईजुई : मदतीचं मी सांगते. १९९३ ला किल्लारीनंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. ट्रकमधून काय उतरलं? मॅक्सी! जन्मभर नऊवारी नेसलेल्या माझ्या आजीला मॅक्सी. जरीचे ब्लाऊज, एकेका पायाच्या चपला. शेवटी त्या ढिगावर शेळ्या बसायच्या. देणारा देवाचा की बिनदेवाचा, हे आम्ही विचारलं नाही. आधी विचारलं असतंत काय हवंय, तर पातेली सांगितली असती.

पुणेकर_पक्का : ताई, आम्ही रात्री जागून तो ट्रक भरला होता. तीस वर्षांनी हे ऐकायचं?

जाईजुई : ट्रकवर मंडळाचा बॅनर मात्र नवाकोरा होता हो.

पुणेकर_पक्का : बॅनर नको तर काय, गुप्तदान करायचं? वर्गणी देणाऱ्याला हिशोब कसा दाखवायचा?

तळकोकणी : २०१९ च्या पुरात सांगलीत पाकिटांवर नेत्यांचे फोटो होते. तोही हिशोबच का?

पुणेकर_पक्का : आम्हाला त्या रांगेत बसवू नका. मी निघालो या धाग्यावरून.

खडूस_काका : जा. रानवारा, घानाच्या पाण्यापुरतं मान्य, आधी मंत्र म्हणायला लावत नसतील तर. मॅक्सीचं मात्र बाई शंभर टक्के बरोबर बोलल्या.