क्रॉस-बिल्ड केलेलं एफएफएमपेग पाय ४ चा हार्डवेअर डिकोडर वापरत नाही

परळ_टर्मिनस

परळच्या एका मंडळाच्या हॉलमध्ये ६ स्क्रीन आहेत, प्रत्येकीमागे एक रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डाचा संगणक, २ जीबी रॅम). पाय ओएस बुकवर्म, ६४ बिट. १०८०पी एच.२६४ फाइल्स दिवसभर लूपवर चालवायच्या आहेत. एफएफएमपेग (व्हिडिओ डिकोड-एन्कोड करणारा प्रोग्रॅम) ७.१ चं बिल्ड उबुंटू २४.०४ च्या लॅपटॉपवर, एआर्च६४ (पायच्या ६४ बिट आर्म प्रोसेसरसाठीच्या) क्रॉस कंपायलरने.

१. बायनरी पायवर सुरूच होईना: 'जीलिबसी २.३८ सापडत नाही' (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). सगळं स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लायब्ररी बायनरीतच भरून, ते टाळलं.
२. कॉन्फिगरला (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) एक्स२६४ (एच.२६४ एन्कोड करणारी लायब्ररी) दिसत नाही. लॅपटॉपवर त्याचं डेव्ह पॅकेज आहे.
३. कमांडमध्ये इनपुट फाइलनंतर एच२६४_व्ही४एल२एम२एम (पायच्या हार्डवेअर कोडेकचं नाव) दिलं, आउटपुट दुसऱ्या फाइलमध्ये. एरर काहीच नाही, पण चारही कोअर भरलेले आणि डबा तापलेला.
४. पुढच्या खेपेला २ पाय ५ येणार आहेत. तेच बिल्ड चालेल का?

सिसरूट_वाला

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही सपशेल फसला आहात. एफएफएमपेगमध्ये ऑप्शनची जागा महत्त्वाची. सी-कोलन-व्ही (व्हिडिओ कोडेक निवडणारा ऑप्शन) हे डॅश-आयच्या (इनपुट फाइलच्या) आधी आलं तर तो डिकोडर, नंतर आलं तर एन्कोडर. आणि घोळ असा की एच२६४_व्ही४एल२एम२एम या एकाच नावाचा डिकोडरही आहे आणि एन्कोडरही. त्यामुळे एरर येणारच नाही: डिकोडिंग नेहमीच्या सॉफ्टवेअर डिकोडरने झालं, आणि पायने इमानेइतबारे तुमची फाइल हार्डवेअरवर पुन्हा एन्कोड केली. ऑप्शन इनपुटच्या आधी घ्या, आउटपुट नल (कुठेच न लिहिणारं) ठेवा, बेंचमार्क लावा आणि लॉग व्हर्बोजवर टाका. कोणता डिव्हाइस नोड (हार्डवेअरशी बोलायची फाइल) उघडला ते लॉगमध्ये दिसेल.

आता दुसरा. क्रॉस-प्रिफिक्स (क्रॉस कंपायलरच्या नावाचा पुढचा भाग) दिला की कॉन्फिगर पीकेजी-कॉन्फिगलाही (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं टूल) तोच प्रिफिक्स लावून शोधतं. त्या नावाचं काही नसेल तर एक वॉर्निंग देऊन पुढे जातं, आणि ती वॉर्निंग वर कुठेतरी वाहून जाते. डॅश-डॅश-पीकेजी-कॉन्फिग ऑप्शनने साधं पीकेजी-कॉन्फिग दिलंत तर ते चालेल, पण लॅपटॉपच्याच एक्स८६ लायब्ररी उचलेल आणि लिंकर 'स्किपिंग इनकॉम्पॅटिबल' म्हणत बसेल. म्हणून तीन गोष्टी एकत्र हव्यात: कॉन्फिगरला सिसरूट (पायच्या लायब्ररी आणि हेडरांची लॅपटॉपवरची प्रत), पीकेजी-कॉन्फिगचा सिसरूट-डिर व्हेरिएबल, आणि लिबडिर व्हेरिएबल सिसरूटमधल्या पीकेजीकॉन्फिग फोल्डरांवर. पाथ व्हेरिएबल नको. पाथ मूळ यादीत भर घालतो, लिबडिर मूळ यादीच बदलतो. अर्धे क्रॉस-बिल्ड इथेच मरतात.

अजून एक: कॉन्फिगरवर भरवसा ठेवू नका. व्ही४एल२एम२एम तिथे ऑटोडिटेक्ट होतं. हेडर सापडला नाही तर ते गुपचूप बंद होतं आणि बिल्ड हसत हसत पूर्ण होतं. एनेबल-व्ही४एल२-एम२एम स्पष्ट लिहा, म्हणजे काही कमी असेल तर कॉन्फिगर तिथेच थांबेल. नेमकं काय अडलं ते एफएफबिल्डमधल्या कॉन्फिग.लॉगच्या शेवटी असतं.

खटपट्या_ठाणे

जीलिबसीचं: उबुंटू २४.०४ वर २.३९ आहे, बुकवर्म म्हणजे डेबियन १२, तिथे २.३६. नव्या हेडरांमुळे एसटीआरटोल, एसस्कॅनएफ यांसारखी साधी फंक्शनं 'आयएसओसी२३' नावाच्या नव्या सिंबॉलकडे (फंक्शनचं लायब्ररीतलं नाव) वळतात, आणि ते सिंबॉल २.३८ पासूनचे. कोडमध्ये एक ओळ न बदलता बायनरी पायवर आपटते ती यामुळे. ऑब्जडंप डॅश-कॅपिटल-टी लावून जीलिबसी शोधलंत तर कोणत्या सिंबॉलने अडवलंय ते कळेल.

स्टॅटिक हा उपाय नाही, पांघरूण आहे. स्टॅटिक जीलिबसीत नेटवर्कवरची नावं शोधणं धड चालत नाही. उद्या एखाद्या स्क्रीनला स्ट्रीमचा पत्ता दिलात की समजेल. सरळ रस्ता: डीबूटस्ट्रॅपने (डेबियनची मूळ सिस्टम फोल्डरात उतरवणारं टूल) बुकवर्मचा आर्म६४ सिसरूट बनवा, लागणारी डेव्ह पॅकेजेस त्यात टाका आणि बिल्ड त्याच्याविरुद्ध करा. चालू पायवरून आरसिंकने सिसरूट उचलणारे असाल तर अ‍ॅब्सोल्यूट सिमलिंक तपासा. स्लॅशने सुरू होणाऱ्या लिंक तुमच्या लॅपटॉपच्या रूटकडे बोट दाखवतात. 'सिमलिंक्स' नावाचं छोटं टूल आहे, सिसरूट उचलण्याआधी पायवरच आर-सी लावून चालवलं की त्या रिलेटिव्ह होतात.

माझं मत: ६ डब्यांसाठी क्रॉस-बिल्डचा हट्ट कशाला? क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लावून बुकवर्मच्याच आर्म६४ कंटेनरमध्ये नेटिव्ह बिल्ड करा. हळू होईल, रात्री लावून झोपा. सिसरूटची ही सगळी कटकट संपते.

सिसरूट_वाला

संपत नाही, पुढे ढकलली जाते. पॅचवर काम करताना दिवसातून दहा बिल्ड होतात, तिथे क्यूईएमयूचा वेग परवडत नाही. रिलीजसाठी कंटेनर, रोजच्या कामाला क्रॉस. पण दोन्हीकडे कॉन्फिगरची ओळ एकाच स्क्रिप्टमधून यायला हवी, नाहीतर दोन बिल्ड कधी वेगळे झाले ते कळतही नाही. आणि बिल्ड सोर्सबाहेरच्या फोल्डरात करा. सोर्समध्ये जुनी कॉन्फिग.एच पडली असेल तर कॉन्फिगर नकार देतं, तेव्हा आधी डिस्टक्लीन (जुनं बिल्ड पुसणं).

परळ_टर्मिनस

ऑप्शन पुढे घेतला. ४ डब्यांवर चाललं, कोअर शांत झाले. उरलेल्या २ डब्यांवर 'कुड नॉट फाइंड अ व्हॅलिड डिव्हाइस'. एसडी कार्डाची इमेज सगळ्यांची सारखीच आहे. त्या दोघांवर रॅम वाचवायला आधी कोणीतरी जीपीयू-मेम (ग्राफिक्ससाठी राखीव रॅम) १६ केलं होतं, एवढाच फरक.

वायरमन

तेच कारण. जीपीयू-मेम १६ केलं की पाय कापलेलं फर्मवेअर लोड करतो आणि त्यात कोडेकच नसतात. ओळ काढून टाका, रीबूट करा. मग सिस फोल्डरातल्या क्लास, व्हिडिओ४लिनक्समध्ये प्रत्येक नोडची 'नेम' फाइल वाचा. एकीत बीसीएम२८३५-कोडेक-डिकोड दिसलं पाहिजे. पाय ४ वर तो बहुधा व्हिडिओ१० असतो, पण स्क्रिप्टमध्ये १० कोरून ठेवू नका, नावावरून शोधा. शिवाय चालवणारा युजर 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये हवा. हातानं चालतं पण सिस्टमडी सर्व्हिसमधून चालत नाही, अशा तक्रारीत निम्म्या वेळा हेच निघतं.

व्ही४एल२-सीटीएलने फॉरमॅट तपासताना एक गंमत लक्षात ठेवा: डिकोडरसाठी 'आउटपुट' रांग म्हणजे आपण आत टाकतो तो एच.२६४ डेटा, आणि 'कॅप्चर' म्हणजे बाहेर येणाऱ्या फ्रेम. नावं ड्रायव्हरच्या नाही, अ‍ॅपच्या बाजूने ठेवलेली आहेत. १० बिट एच.२६४ हा डिकोडर घेत नाही, तेव्हा फाइल बनवतानाच ८ बिट ४:२:० ठेवायला सांगा.

डबा तापतो म्हणालात, तर व्हीसीजेनकमांडचं (पायची स्थिती सांगणारं टूल) गेट-थ्रॉटल्ड बघा. उत्तर ०एक्स५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेजही पडलंय आणि थ्रॉटलिंगही (वेग उतरवणं) झालंय. शेवटी ५ असेल तर आत्ताही चालू आहे. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अ‍ॅम्पियरचा अ‍ॅडॅप्टर लागतो. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी ३ मीटरची बारीक यूएसबी-सी केबल चार्जिंगला ठीक, इथे मधल्या मध्ये व्होल्टेज खाते. अ‍ॅडॅप्टर स्क्रीनजवळ आणा, लांबी २३० व्होल्टच्या बाजूला घ्या. मे महिन्यात पत्र्याखालच्या हॉलमध्ये बंद डबा असेल तर हीटसिंक हवाच, ८० अंशांपासून पाय स्वतःच वेग उतरवतो.

खटपट्या_ठाणे

पाय ५ बद्दल. त्यात एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढून टाकलाय, फक्त एचईव्हीसी (एच.२६५) उरलाय. हार्डवेअर एन्कोडरही नाही. १०८०पी एच.२६४ त्याचे ए७६ कोअर सहज पेलतात, काळजी नको, पण तुमची कमांड तिथे पडेल: डिकोडर नावाने मागितला की एफएफएमपेग स्वतःहून सॉफ्टवेअरवर परतत नाही. बायनरी तीच चालेल. चालू करणाऱ्या स्क्रिप्टने वायरमनने सांगितलेला नोड शोधावा, सापडला तर डिकोडरचा ऑप्शन लावावा, नाहीतर गाळावा. मॉडेलचं नाव बघून ठरवू नका, नाहीतर जीपीयू-मेमवाला पाय ४ पुन्हा तसाच फसेल.

आणि बुकवर्ममध्ये पाय ५ चा कर्नल १६ केबीच्या मेमरी पेजचा असतो. ४ केबी गृहीत धरून बांधलेली जेमॅलॉक (मेमरी वाटणारी लायब्ररी) वगैरे तिथे 'अनसपोर्टेड सिस्टम पेज साइज' म्हणून पडते. तसं झालं तर कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये कर्नल=कर्नल८.आयएमजी ही ओळ टाका, पेज ४ केबीवर येतात.

परळ_टर्मिनस

जीपीयू-मेमची ओळ काढली, सहाही डबे हार्डवेअरवर आले. एकावर ०एक्स५०००५ येतंय, त्याची केबल बदलतो. बुकवर्मचा सिसरूट उद्या.

सिसरूट_वाला

उद्या बसाल तेव्हा आधी सिसरूटमध्ये व्हिडिओडेव्ह२.एच आहे का बघा. लिनक्स-लिबसी-डेव्हमधून येते.