मदत हवी आहे: सहा वर्षांच्या भाचीसाठी बार्बी, जमल्यास तिच्या आईसाठीही एक

धागाकर्ता: गोंधळलेला_मामा

भाचीला पुढच्या महिन्यात सहा पूर्ण होतायत. बार्बी हवी आणि तिचे "गुडघे वाकले पाहिजेत", एवढीच मागणी आहे. आधीच्या बाहुलीच्या केसांचा आठ दिवसांत काथ्या झाला होता, तेव्हा तो मुद्दाही आहेच. बजेट अडीच हजारांपर्यंत. शिवाय ताईला स्वतःसाठी संग्रहाची सुरुवात म्हणून एक हवी आहे. दोघींचं एकाच बाहुलीत भागेल का? दुकानातली सगळी खोकी मला सारखीच दिसतात. नकली कशी ओळखायची तेही सांगा.

चिंधी_आणि_सुई

एकीत भागणार नाही. खेळायची बाहुली वापरून झिजते आणि संग्रहातली न वापरता टिकते. दोन घ्या.

भाचीसाठी आधी शरीर ठरवा, चेहरा नंतर. साध्या, स्वस्त बार्बीला पाचच ठिकाणी सांधे असतात: मान, दोन खांदे, दोन खुबे. बसवली की दोन्ही पाय कंपाससारखे समोर ताठ. फॅशनिस्टा मालिकेतल्या बहुतेक याच जातीच्या, फक्त चेहरे आणि कपडे जास्त देखणे. काही बाहुल्यांचे गुडघे दाबल्यावर टक्-टक् आवाज करत वाकतात, पण कोपर नाही. गुडघे, कोपर, मनगट, घोटा, कंबर असं सगळं वाकणारी हवी तर खोक्यावर "मेड टू मूव्ह" शोधा. ही २०१५ पासून मिळते आणि तिला २२ सांधे असतात. भाचीला हीच हवी असणार.

खोक्यावरच्या चित्राला भुलू नका. चित्रात सायकल चालवणारी प्रत्येक बाहुली सायकल चालवू शकत नाही. खिडकीतून कोपर बघा. सांध्याची आडवी फट दिसली तर वाकतं, दंड ते मनगट सलग गुळगुळीत असेल तर नाही.

कपडे वेगळे घ्यायचे तर शरीराचा प्रकार जुळवा. २०१६ पासून मूळ बांध्याबरोबर उंच, बुटका आणि भरलेला असे तीन बांधे आले. मूळ बांध्याचा झगा भरलेल्या बांध्याच्या खुब्यावर अडकतो. जोरात ओढला की मागचा वेलक्रो आधी उसवतो आणि घरात पहिली रडारड त्यावरून होते. चपला तर त्याहून वाईट. टाचांवर उचललेल्या पावलाला सपाट बूट जात नाही आणि सपाट पावलाला उंच टाचेचा जात नाही. मेड टू मूव्हचा घोटा वाकतो, त्यामुळे तिची ही अडचण निम्मी होते.

शंकासुर

मेड टू मूव्ह सहा वर्षांच्या हातात? मनगट निखळतं.

चिंधी_आणि_सुई

निखळतं, खरंय. पंजा एका बारीक खुंटीवर बसवलेला असतो. घट्ट बाही ओढताना बोटं कापडात अडकतात आणि पंजा बाहीतच राहतो. म्हणून बाही घालण्याआधी पंजावर प्लास्टिकच्या पिशवीचा लहानसा तुकडा गुंडाळायचा, बाही सरकली की तो पुढून काढून घ्यायचा. तरी निघालाच, तर पंजा अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, मऊ पडला की सरळ दाबून बसवा. थंड पंजा जोर लावून पिळला तर खुंटीच मोडते आणि मग काही करता येत नाही. डोकं काढायची वेळ आली तरी हाच नियम: आधी मान गरम पाण्याने शेका, नाहीतर मानेचा गड्डा चिरतो.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बूट, कानातलं, पर्स हे सगळं आधीच उचलून ठेवा. घशात अडकण्याच्या मापाचं असतं.

केशसंभार

काथ्या होण्याचं कारण सांगतो. बाहुलीचे केस मुख्यतः सारन, नायलॉन, कानेकालोन किंवा पॉलिप्रोपिलीन या कृत्रिम धाग्यांचे असतात. सारन जड, चमकदार आणि नीट खाली पडतो. पॉलिप्रोपिलीन स्वस्त, हाताला कोरडा लागतो आणि पटकन गुंततो. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. खिडकीतून बघा: केस डोक्यापासून फुगून उभे असतील आणि टोकं झाडूसारखी दिसत असतील तर सोडा. सहा वर्षांच्या मुलीसाठी खांद्यापर्यंतचे सरळ केस घ्या. कमरेपर्यंतचे कुरळे म्हणजे रोज संध्याकाळी मामाला काम.

खोक्यातून काढताना डोक्यात घुसवलेले पारदर्शक प्लास्टिकचे टाके असतात. ते ओढू नका, टाळू फाटते. मागून कात्रीने डोक्यालगत कापा, आतला तुकडा डोक्यात पडू द्या. केसांना बांधलेले रबर लगेच कापून टाका. रबर जुनं झालं की चिकटतं आणि डाग सोडतं.

गुंता झाला तर: कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू, मग धुऊन कपड्यांचा सॉफ्टनर लावून दहा मिनिटं. रुंद दातांच्या फणीने टोकापासून वर वर यायचं. मुळापासून ओढलंत तर केस झुपक्याने हातात येतात, कारण ते टाळूला शिवलेले असतात. मानेच्या फटीतून आत पाणी जाऊ देऊ नका. गेलंच तर डोकं वर ठेवून झटका आणि नीट वाळवा, नाहीतर आत बुरशी धरते. केस सरळ करायचे यंत्र अजिबात नको, पॉलिप्रोपिलीन वितळून गुठळी होते.

केस मुळाशी तेल लावल्यासारखे चिकट वाटले तर तो मळ नव्हे. केस पक्के राहावेत म्हणून कवटीच्या आत गोंद घातलेला असतो, तो बाहेर झिरपतो. कॉर्नफ्लॉवर चोळून विंचरलं की काही दिवस बरं दिसतं. पुन्हा झिरपतो. त्याला कायमचा उपाय नाही, म्हणून खरेदी करतानाच डोक्याजवळचे केस चिकटून बटा झालेल्या दिसल्या तर दुसरं खोकं मागा.

खोक्यासकट

ताईंसाठी लिहितो. सुरुवात "बार्बी लुक्स" मालिकेपासून करावी. २०२१ पासून आहे, शरीर मेड टू मूव्हचं, कपडे साधे, चेहरे आणि बांधे वेगवेगळे, प्रत्येकीला क्रमांक. पोज देऊन मांडता येते आणि दुसरे कपडेही चढतात. त्याउलट मोठ्या घेराच्या गाऊनवाल्या बाहुल्यांना जागा फार लागते आणि गाऊन काढला की खाली बऱ्याचदा साधंच शरीर निघतं. आपल्याकडचं काही हवं असेल तर २०२४ ची दिवाळी बार्बी आहे, मुंबईच्या फॅशन डिझायनर अनिता डोंगरे यांनी सजवलेली: चोळी, फुलांची कोटी (बिनबाह्यांचं जाकीट), लेहंगा, सोनेरी बांगड्या.

जुनी घ्यायची असेल तर एका सापळ्यापासून सावध. बाहुलीच्या पाठीवर किंवा कुल्ल्यावर "१९६६" कोरलेलं असतं आणि विकणारा "साठ वर्षं जुनी, दुर्मिळ" म्हणून भाव सांगतो. ते त्या शरीराच्या साच्याच्या हक्काचं (कॉपीराइटचं) वर्ष आहे. तोच साचा पुढे कित्येक दशकं वापरला गेला, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या बाहुलीवरही १९६६ असतं. डोक्याच्या मागे, मानेच्या कडेला आत दुसरं वर्ष असतं, तेही चेहऱ्याच्या साच्याचं: १९७६ म्हणजे सुपरस्टार नावाचा चेहरा, १९९१ म्हणजे मॅकी नावाचा. बाहुली त्या वर्षाआधीची नसते, एवढंच त्यावरून कळतं. खरं वर्ष खोक्यावर शोधायचं. पहिली बार्बी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात आली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखात. ती कोणी जुन्या बाजारात पाचशेला देत नाही.

भाव वाढेल म्हणून घेऊ नका. १९८८ ची हॉलिडे (नाताळची) बार्बी गाजली, मग नव्वदच्या दशकात लोकांनी हॉलिडे बाहुल्या खोक्यासकट साठवल्या. कंपनीनेही भरपूर काढल्या. सगळ्यांकडे कोरी आहे म्हटल्यावर भाव कोण देणार?

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो आणि कसर लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर पावसाळ्यात बदला. डांबराच्या गोळ्या कपाटात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं. ऊन थेट नको, खोक्याची खिडकी पिवळी पडते.

नकलीबद्दल: भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. खुणेखाली सीएम/एल म्हणजे परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. आजकालच्या अस्सल खोक्यावर तीन अक्षरं आणि दोन अंकांचा मॉडेल क्रमांकही असतो. तो शोधून चित्र जुळवा. डोक्यामागे बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचं नाव कोरलेलं नसेल आणि "साडेअकरा इंची बाहुली" एवढंच लिहिलं असेल तर ती बार्बी नव्हे. वाईट असेलच असं नाही, पण बार्बीचे पैसे देऊ नका.

गोंधळलेला_मामा

भाचीला मेड टू मूव्ह, ताईला लुक्स. ठरलं. आता ताई म्हणतेय तिला नऊवारी नेसवायची. किती कापड लागेल?

चिंधी_आणि_सुई

बार्बी एकास सहा प्रमाणात आहे. नऊवारी साधारण ८.२ मीटर, म्हणजे १३७ सेंमी, पन्हा १९ सेंमी. पण कापडाची जाडी सहापट कमी होत नाही, त्यामुळे पूर्ण मापाने कमरेत बोळा होतो. १०० सेंमी लांब, १८ सेंमी पन्ह्याची मलमल घ्या, काठाला एक सेंमीची जरीची लेस. कमरेला आधी ३ मिलिमीटरचं इलॅस्टिक बसवा, बाहुलीची कंबर गुळगुळीत असते, नुसतं खोचलेलं राहत नाही. निऱ्या चारच. कासोटा मागे खोचून एक टाका घाला.

लाल, जांभळं किंवा गडद निळं कापड असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, आणि तरी आत पांढऱ्या कापडाची घट्ट चड्डी घाला. रंग उतरला की तो बाहुलीच्या व्हिनाइल प्लास्टिकच्या आत शिरतो आणि घासून निघत नाही. महिनोन्महिने नेसवून ठेवणार असाल तर फिकटच रंग घ्या.