मदत हवी आहे : कोचीत क्रूझचा एकच दिवस, सोबत आई

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुंबईहून निघणारी आमची क्रूझ शनिवारी कोचीला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ थांबणार आहे. सोबत आई, वय ७४. तिचे गुडघे दुखतात. जिना चढताना कठडा धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते, मगच पुढची पायरी. म्हणून जहाजाची बस-सहल नको. विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यापासून दिवसभरासाठी खासगी गाडी हवी आहे.

फोर्ट कोचीतली मासेमारीची चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च नक्की. वास्को द गामाला १५२४ मध्ये आधी तिथेच पुरलं होतं, ती जागा आईला बघायचीच आहे. मट्टनचेरी राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रंही. १५६८ चं सिनेगॉग (ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद असतं, याची फार हळहळ वाटते.

राजवाड्याचा जिना आईला झेपेल का? गाडी आधीच ठरवावी की धक्क्यावर रास्त भावात मिळते? आणि मट्टनचेरीच्या गुजराती वस्तीत साधं शाकाहारी जेवण कुठे चांगलं मिळेल? चारच्या आत जहाजावर परतायचंय. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.