लेसर बघून मळमळणं म्हणजे ‘नाटक’ म्हणे!

गंगावेशची_थोरली
काल एका सद्गृहस्थांनी इथं लिहिलं, “गणपतीच्या मिरवणुकीतल्या शार्पी-लेसरनं ज्यांना मळमळतं त्यांनी घरात बसून टीव्हीवर आरती बघावी. एवढ्या नाजूक माणसांनी कोल्हापुरात राहू नये.” वर बदामांचा पाऊस. (शार्पी म्हणजे बारीक, झगझगीत झोताचा फिरता दिवा.) म्हणून लिहिते, लांबेल.

मागच्या विसर्जनाला पापाच्या तिकटीला उभी होते. ताप नाही, पित्त नाही, दुपारी व्यवस्थित जेवलेली. समोरच्या ट्रॅक्टरवरचा पांढरा झोत उघडझाप करायला लागला. धूर सोडलेला, त्यामुळं उजेड चारी बाजूंनी आल्यासारखा. शेजारचा पोरगा नाचताना दिसेना, नुसते त्याचे तुटक फोटो दिसायला लागले. वरून हिरव्या रेघा फिरत होत्या. थोड्या वेळानं रस्ताच फिरतोय असं वाटलं आणि एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर सगळं जेवण बाहेर. दुकानदारानं पाणी दिलं, वर विचारलं, “जास्त झाली काय?”

डोळे म्हणतात आपण हललो, कानातला तोल म्हणतो जागेवरच आहे. ह्या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. गगनबावड्याच्या घाटात एसटीत होतं तेच, फक्त तिथं कानाला हलल्याचं कळतं आणि डोळे समोरच्या सीटवर खिळलेले असतात. घाटात पिशवी धरून बसलेल्याला कुणी नाटकी म्हणत नाही. त्यात मला अर्धशिशी, म्हणजे दुष्काळात तेरावा.

पेठेचा_वाघ
ताई, तो सद्गृहस्थ मीच. लहानपणापासून मिरवणुकीत आहे, सकाळी निघायचं ते दुसऱ्या दिवशी घरी. कधी काय झालं नाही. दुपारी व्यवस्थित जेवला म्हणजे काय जेवला? कट मारलेली मिसळ असणार. लाइटवर बिल फाडू नका.

रात्रपाळी
वाघसाहेब, टीव्हीचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. 16 डिसेंबर 1997, जपान. पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला साधारण 12 वेळा चमकला आणि सहाशेच्या वर पोरं दवाखान्यात. सगळ्यांना फिट आली नव्हती, कुणाला मळमळ, कुणाचं डोकं दुखलं, कुणाला दिसेना. घरात बसून टीव्हीच बघत होती ती. मिसळ नव्हती खाल्ली.

फिटचा त्रास असणाऱ्यांतल्या थोड्याच लोकांना उजेडानं फिट येते, हे खरं. पण येते त्यांना सेकंदाला 15 ते 25 चमकांत सगळ्यात जास्त धोका. आणि अशा वेळी डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत जातोच. तळहातानं एक डोळा पूर्ण झाकायचा आणि मान वळवून लांब जायचं.

ट्रसवाला
मिरवणुकीला लाइट लावायचा धंदा माझा आहे, बोलू द्या. स्ट्रोबचा, म्हणजे उघडझाप करणाऱ्या दिव्याचा, स्पीड हातात असतो. मी सावकाश ठेवतो, मंडळाचा माणूस वर चढून म्हणतो, “फुल्ल सोड, शेजारच्या मंडळापुढं इज्जत जाईल.” मग दोष कुणाचा?

आणि शार्पी न् लेसर एकात घालू नका. शार्पी म्हणजे शेवटी दिवाच. लेसरची रेघ डोळ्यातलं भिंग पडद्यावर एका टिंबात गोळा करतं, आणि तिथं भाजलं तरी दुखत नाही. ती माणसांच्या डोक्यावरूनच गेली पाहिजे. पण महाद्वार रोडची रुंदी किती, ट्रॅक्टरची उंची किती, त्यात बापाच्या खांद्यावर पोरगं. मोबाइलचा कॅमेरा जळला म्हणून भांडायला येतात माझ्याकडं. डोळ्याचं कोण विचारत नाही.

हलगीप्रेमी
मूळ रोग डॉल्बी! लाइट बिचारी मागून आली. छातीत धडधड, खिडकीच्या काचा थरथर, त्यानंच मळमळतं. आमच्या वेळी हलगी-घुमकं असायचं…

पेठेचा_वाघ
आलं का हलगी! नियमात राहत्या वस्तीला रात्री 45 डेसिबल. तुमची हलगी काय 45 मध्ये वाजते?

हलगीप्रेमी
हलगी पुढं निघून जाते. डॉल्बी एका चौकात दोन तास उभा. माझे वडील बायपासचे, कानात कापूस घालून मोरीत बसवलेले मी. तुम्ही सांगणार मला डेसिबल?

पेठेचा_वाघ
वर्गणीला दार उघडत नाही आणि इथं वडील काढताय.

हलगीप्रेमी
वडील मी नाही काढले, तुमच्या डॉल्बीनं काढले असते. आणि वर्गणीची पावती टाकू का इथं?

मास्तर_निवृत्त
ह्या सगळ्यात एलईडी हेडलाइटचा विषय राहतोय. शिरोली नाक्याकडून येताना समोरच्याचा पांढरा उजेड असा डोळ्यात घुसतो की मला गाडी बाजूला घ्यावी लागते. हे वर्षाचे 365 दिवस. गणपती वर्षातून एकदा.

गंगावेशची_थोरली
मास्तर, वेगळा धागा काढा. हलगीवाल्यांनीही. मी उजेडाबद्दल लिहिलं होतं, आठवतंय का कुणाला?

पेठेचा_वाघ
आठवतंय. बरं, जपानी पोरांची माफी मागतो. तुमची नाही.

…आमची पुतणी मागच्या वर्षी ट्रॅक्टरजवळ चक्कर येऊन बसली होती. आम्ही गर्दीवर ढकललं. तिला विचारलं आत्ता. म्हणाली, “काका, मी लाइट लाइट म्हणून ओरडत होते, तुम्हाला डॉल्बीत ऐकू आलं नाही.”

हलगीप्रेमी
डॉल्बीत. वाचलं ना सगळ्यांनी?

ट्रसवाला
वाघ, तुमच्याच मंडळाचं काम आहे यंदा माझ्याकडं. लेसर आणत नाही, स्ट्रोब सावकाश ठेवतो. पण वर चढून “फुल्ल सोड” म्हणणारा तुमचा माणूस तुम्ही खाली उतरवायचा. आणि पैसे कापायचे नाहीत.

पेठेचा_वाघ
तो माणूस मीच आहे रं.

मास्तर_निवृत्त
हेडलाइटचा धागा कुठं काढायचा असतो?