केलीने वकिली सोडली, की पुढे तीच केली?

काळा डगला (म्हापसा)
काल इथे कोणीतरी लिहिलं की अमेरिकन टीव्ही मालिकांचा लेखक डेव्हिड ई. केली म्हणजे 'कोर्टाला कंटाळून पळालेला आणि नशिबाने टीव्हीवर खपलेला' माणूस, त्याचं नाव सांगून आमच्या पोरांनी सनद धूळ खात ठेवू नये. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण आज कोर्टात माझं मॅटर बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, एकेचाळिसावं. वेळच वेळ.

केली 1983 ला बॉस्टन विद्यापीठातून कायदा शिकून तिथल्याच एका फर्ममध्ये लागला. जमिनीचे व्यवहार, किरकोळ फौजदारी. फावल्या वेळात एका तरुण वकिलावर पटकथा लिहिली. 1986 मध्ये निर्माता स्टीव्हन बॉचकोला 'एल. ए. लॉ' या वकिलांवरच्या मालिकेसाठी कायदा कळणारे लेखक हवे होते, त्याने याला उचललं. बॉचकोबरोबर ती मालिका उभी करणारी टेरी लुईस फिशर हीसुद्धा मूळची सरकारी वकील. वकील म्हणूनच बोलावलं त्याला. यात पळाला कुठे?

न पटणारी बाजू पूर्ण जीव ओतून मांडायची, हे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात. केलीच्या 'द प्रॅक्टिस' मालिकेतला वकील तेच करतो. अशील गुन्हेगार आहे हे ठाऊक असूनही लढतो, जिंकतो आणि मग स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही. जामिनासाठी कधी उभाच न राहिलेल्या माणसाला हे सुचत नाही.

फर्मागुडीचा भाचा
वकीलसाहेब, काल लिहिणारा मीच. नाव घ्यायला लाजलात का? तीन वर्षं वकिली केली म्हणून तो 'वकील' होत असेल, तर मी दोन वर्षं बँकेत होतो, मला रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर म्हणा. आणि 'अ‍ॅली मॅकबील'मध्ये ती वकीलबाई काय करते? नाचणारं बाळ बघते. कोर्टात!

काळा डगला (म्हापसा)
बाळ घरी नाचतं, कोर्टात नाही. आधी बघा, मग बोला.

दिवचलीकार
भाच्या, अमेरिकन टीव्हीचे 1999 चे एमी पुरस्कार आठव. सर्वोत्तम नाट्यमालिका 'द प्रॅक्टिस', सर्वोत्तम विनोदी मालिका 'अ‍ॅली मॅकबील', दोन्ही याच्याच. आणि त्या काळात दोन्हींचे बहुतेक भाग स्वतः लिहायचा, वकिलाच्या पिवळ्या पॅडवर, हाताने. वर्षाला वीस-बावीस भाग, गुणिले दोन. आमच्या गावात जत्रेचं नाटक बसवायला तीन महिने लागतात, आणि तरी दुसऱ्या अंकात प्रॉम्प्टर नायकापेक्षा मोठ्याने ऐकू येतो.

फर्मागुडीचा भाचा
बरं, मेहनती होता. आणि आता? दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवर मालिका. 'बिग लिटल लाइज' लिआन मोरियार्टीची कादंबरी, 'द लिंकन लॉयर' मायकल कॉनेलीची, 2024 चं 'प्रिझ्युम्ड इनोसंट' स्कॉट टुरोचं. हा टुरो बघा. कादंबऱ्याही लिहिल्या, वकिलीही चालू ठेवली. उदाहरण द्यायचं तर त्याचं द्या.

काळा डगला (म्हापसा)
टुरोचा मुद्दा मान्य. चडफडत मान्य.

निवृत्त बेंचक्लार्क
सगळं ठीक, पण ते नाट्य तिकडचं. बारा ज्युरी समोर बसलेले, वकील फेऱ्या मारतो, शेवटचं भाषण ठोकतो. आपल्याकडे नानावटी खटल्यानंतर हळूहळू ज्युरीचा बाजार उठला. मी बत्तीस वर्षं कोर्टात काढली. मोठ्यात मोठा संवाद ऐकला तो 'वकील आजारी, पुढची तारीख.' यावर केली काय मालिका लिहिणार? गोव्यात कोर्टात नाट्य नाही.

आगशीची सून
नाट्य नाही?? तुम्ही इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीच्या दिवशी रजेवर असायचात का?

आमच्या सासऱ्यांच्या मागे चार भावंडं. वाटणी जमेना, मग कोर्टात आपसांत बोली. ज्याची बोली वर त्याला ती वस्तू, आणि वाट्यापेक्षा जास्त पडलं तर बाकीच्यांना रोख भरायचे. भाटाला, म्हणजे माडांच्या बागेला, कोणी फारसं विचारलं नाही. भांडण झालं विहिरीकडच्या खोलीवरून, जिथे आई बाळंतपणाला झोपायची. धाकटे दीर आणि मुंबईची नणंद. आकडा खोलीच्या किमतीच्या कितीतरी वर गेला. नणंद शेवटचा आकडा बोलली आणि पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसत बसली, दहा मिनिटं. कोणाकडे बघितलं नाही. तुमच्या बॉस्टनमध्ये आहे का असं?

निवृत्त बेंचक्लार्क
हे मात्र खरं. बोलीच्या दिवशी आम्ही जेवायला उशिरा जायचो.

दिवचलीकार
म्हणून तर म्हणतो, आपला कायदा सोनं. मूळ 1867 च्या पोर्तुगीज संहितेतला. मुलगा-मुलगी समान, बायकोचा अर्धा वाटा, तिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. बाकीचा देश आता जागा होतोय.

कुंकळ्ळीची बाय
सोनं म्हणे! कागदावर समान. माझ्या लग्नाआधी पंधरा दिवस भावाने नोटरीकडे नेलं. 'फक्त सही आहे गो, कागद साफ करतोय.' हक्कसोडपत्र होतं ते. मोबदला काय? परत येताना पोदेराकडचे गरम पाव. सत्तावीस वर्षं झाली, अजून त्या पावांचा वास आला की डोकं फिरतं. समानतेचं कौतुक पुरुषांनी करू नये.

दिवचलीकार
वाचून सही करायची होती. कायद्याचा काय दोष?

कुंकळ्ळीची बाय
बावीस वर्षांची होते, बापाला जाऊन वर्ष झालं नव्हतं. आणि 'वाचून सही करायची होती' हे वाक्य माझा भाऊसुद्धा म्हणतो, अगदी याच सुरात. तुमच्या बहिणींनी सह्या केल्यात का हो?

दिवचलीकार
विषय केलीचा चालला होता.

आगशीची सून
उत्तर मिळालं.

फर्मागुडीचा भाचा
थांबा, थांबा. वकीलसाहेब, मी हार मानत नाही. तीन वर्षं ती तीनच. पण तुम्ही चौदा वर्षं याच कोर्टात बसून हे सगळं रोज बघता आणि लिहिता काय, तर केलीची वकिली? कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत दरवर्षी तेच ते राजे आणि तीच ती भुतं. एक इन्व्हेंटरी नाही.

काळा डगला (म्हापसा)
बार कौन्सिलचे नियम...

फर्मागुडीचा भाचा
पगारी नोकरी आणि स्वतःचा धंदा नको म्हणतात ते नियम. नाटक लिहायला कोणी अडवलंय? लेखनाचं सोडा, तुमचा बचावही तारीख मागणाऱ्या वकिलासारखा आहे.

काळा डगला (म्हापसा)
दोन अंक लिहून ठेवलेत. पाच वर्षांपूर्वी. अडकलंय कुठे, तर थोरल्या भावाची बाजू. तो बहिणीची सही घेतो, आणि मला त्याच्या तोंडी पटेल असं एकही वाक्य सापडत नाही. वर मीच शहाणपणा शिकवला ना, न पटणारी बाजू वगैरे. हसा.

निवृत्त बेंचक्लार्क
एकेचाळिसावं आलं का?

काळा डगला (म्हापसा)
नाही. पुढची तारीख.

कुंकळ्ळीची बाय
भावाचं वाक्य हवंय? त्याने परतताना स्कूटरवर म्हटलं होतं, 'तुका कितें उणें पडटलें गो, हांव आसां न्ही?' (तुला काय कमी पडणार गं, मी आहे ना?) तेव्हा मला ते खरं वाटलं होतं. त्यालाही वाटलं असेल. घ्या. नाव माझं घालू नका.