वांग्याची रोपं माना टाकतायत, शेणखतात चुकलं का?

परसातली: सासवडजवळ घरामागे अर्धा गुंठा काळी जमीन आहे. मे महिन्यात गोठ्यातलं शेण चार पाट्या तसंच वाफ्यात कालवलं, वर चुलीतली राख टाकली. पावसानंतर वांगी लावली. आता ओल असूनही दुपारी रोपं माना टाकतात. काल एक उपटलं तर मुळंच नाहीत! खाली पांढरी जाड अळी, वेटोळं करून बसलेली, तोंड तपकिरी. सासूबाई म्हणतात, "शेण कच्चं होतं." काय करू?

बांधावरचा: ताई, सासूबाईंचं बरोबर. ती हुमणी. अर्धवट कुजलेल्या शेणात तिचं फावतं. माना टाकलेल्या रोपाखाली उकरा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. चांगल्या कुजलेल्या खतात मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी मिसळून ओल्या मातीत द्या. खत कुजलं की शेणाचा वास जातो, मुठीत चहापत्तीसारखं सुटतं. तोवर वापरायचं नाही.

गच्चीवरून: राख थांबवा. काळ्या जमिनीत आधीच चुना असतो, राखेनं विम्लता, म्हणजे आम्लाच्या उलट गुण, वाढते. त्यापेक्षा निंबोळी पेंड किंवा जीवामृत. वीस लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोनशे-दोनशे ग्रॅम, मूठभर बांधाची माती. सावलीत ठेवून रोज ढवळा, दोन-तीन दिवसांनी मुळाशी घाला.

बांधावरचा: पण जीवामृतानं हुमणी मरत नाही हां. आधी अळ्या वेचा.

परसातली: आज सतरा निघाल्या. साबणाची गरजच पडली नाही, शेजारच्या कोंबड्या आल्या. राखेचा डबा सासूबाईंनी भांडी घासायला नेला.