मदत हवी आहे: डीआरजीतून ॲक्सॉन (चेतापेशींचे लांब तंतू) बाहेरच येत नाहीत

पेशीवेडी:
तिसरी बॅच वाया गेली. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी गाइडना फोटो दाखवायचेत. कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणातून डीआरजी (कण्याशेजारचे चेतापेशींचे गोळे, म्हणजे गँग्लिया) काढते, लॅमिनिनच्या (पेशींना आधार देणारं प्रथिन) डिशमध्ये ठेवते, एनजीएफ (चेतापेशींना वाढवणारं प्रथिन) घालते. २४ तासांनी बघावं तर गोळा तसाच, कडेला दोन-चार केस आल्यासारखं दिसतं, बस्स. पुस्तकात चहूबाजूंनी किरणांसारखे ॲक्सॉन दाखवलेत. कुठे चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

सूक्ष्मदर्शी:
अंडी कितव्या दिवसाची? माध्यम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रावण, कोणतं? लॅमिनिनखाली पॉलिलायसिनचा चिकट थर आहे का? एनजीएफ किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार कसं?

पेशीवेडी:
आठव्या दिवसाची. डीएमईएम आणि १० टक्के सीरम. पॉलिलायसिन लावून, धुऊन मग लॅमिनिन. एनजीएफ ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर. सगळं प्रोटोकॉलप्रमाणेच आहे हो.

अंडेवाला_सांगली:
ताई, आठवा दिवस कधीपासून मोजलात? अंडी आणल्या दिवसापासून की मशीनला लावल्यापासून? आमची हॅचरी आहे. मशीन ३७.५ ला चालतं. तापमान डिग्री-दोन डिग्री खाली राहिलं तरी पिल्लू मागे पडतं. अंधारात टॉर्चपुढे धरून बघा. आठव्या दिवशी लाल शिरांचं जाळं पसरलेलं असतं आणि मध्ये डोळ्याचा काळा ठिपका हलतो. नुसत्या शिरा दिसल्या आणि ठिपका बारीक असला तर दिवस कमी भरलेत.

सूक्ष्मदर्शी:
दिवस मोजूच नका, स्टेज बघा. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये ४६ स्टेज ठरवून दिल्या, त्यातली ३४वी म्हणजे साधारण आठ दिवस. चोच, पायाची बोटं, पिसांची मुळं यावरून ओळखता येते.

जुना_प्राध्यापक:
मुळात चेतापेशी जन्मते कशी हे समजून घ्या. न्यूरल ट्यूब, म्हणजे भ्रूणातली मेंदू-मज्जारज्जू बनणारी नळी, मिटते तेव्हा तिच्या माथ्यावरून न्यूरल क्रेस्टच्या पेशी सुटतात, खाली वाट काढतात, आणि त्यातल्या काही कण्याच्या दोन्ही बाजूंना गोळा होऊन हे गँग्लिया बनतात. नंतर प्रत्येक पेशीला दोन शेपटे फुटतात, एक कातडीकडे जातो, एक मज्जारज्जूकडे.

पेशीवेडी:
सर, हे मला येतं. डिशमध्ये काय चुकतंय ते सांगा ना.

बेडूकमित्र:
एनजीएफचा एवढा बाऊ कशाला? हॅरिसन या शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणाचा तुकडा लिम्फच्या थेंबात ठेवला आणि तंतू वाढताना डोळ्यांनी पाहिला. तेव्हा एनजीएफ कुठे होतं? खरी गोष्ट आधाराची आहे. लॅमिनिन बदला.

सूक्ष्मदर्शी:
तो बेडकाच्या न्यूरल ट्यूबचा तुकडा होता. आठव्या दिवसाच्या डीआरजीला जगायलाच एनजीएफ लागतं. रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांनी १९५२ मध्ये रिओला उंदराची सार्कोमा गाठ गँग्लियाशेजारी ठेवली, तेव्हा एका दिवसात तंतूंचं प्रभामंडल उभं राहिलं. पुढे स्टॅन्ली कोहेनबरोबर १९८६ चं नोबेल मिळालं ते याच कामाला. बेडकाचा दाखला इथे लागू नाही.

बेडूकमित्र:
आधाराशिवाय एनजीएफ काय करणार? मी एवढंच म्हणतोय.

काळजीवाहू:
माझ्या वडिलांच्या तळव्यांना मुंग्या येतात, साखर आहे. हे एनजीएफ गोळीतून मिळतं का?

सूक्ष्मदर्शी:
काका, हे प्रयोगशाळेतलं आहे, गोळी म्हणून मिळत नाही. साखरेतल्या मुंग्या डॉक्टरांना दाखवाच, आणि पायाला जखम नाही ना हे रोज बघा.

शीतपेटी:
एनजीएफची नळी कुठे ठेवता? किती वेळा वितळवली?

पेशीवेडी:
सीनियरची आहे. फ्रीझरमध्ये असते, लागेल तेव्हा काढून परत ठेवते. पाच-सहा वेळा झालं असेल. लॅमिनिन नवीन आहे.

शीतपेटी:
मग ती नळी टाका. प्रथिन आहे ते, दर वेळी वितळवलं की थोडं मरतं आणि थोडं प्लास्टिकला चिकटून बसतं. नवीन घेऊन अल्ब्युमिन घातलेल्या द्रावणात लहान लहान भाग करा, एक भाग एकदाच वापरायचा. लॅमिनिनही फ्रिजमध्ये सावकाश वितळू द्या, टेबलावर नाही, नाहीतर गुठळ्या होतात. आणि डिशमध्ये माध्यम किती ओतता?

पेशीवेडी:
पस्तीस मिलिमीटरच्या डिशमध्ये दोन मिलिलीटर. गँग्लिया टाकले की लगेच. का?

शीतपेटी:
एक डिश हळूच तिरकी करून बघा.

पेशीवेडी:
केली. नऊपैकी सात घरंगळले!!

शीतपेटी:
हेच. चिकटलेच नाहीत तर ॲक्सॉन वाढणार कशावर? तळ जेमतेम ओला राहील एवढंच माध्यम घालून दोन तास इन्क्युबेटरमध्ये ठेवा, मग कडेने अलगद बाकीचं सोडा. त्या दोन तासांत डिशला हात लावायचा नाही. आणि एनजीएफ न घातलेली एक डिश ठेवाच, गाइड पहिलं तेच विचारतील.

बेडूकमित्र:
म्हणजे आधाराचंच निघालं.

सूक्ष्मदर्शी:
नळीचंही निघालं.

पेशीवेडी:
रविवार, सकाळचे सात. शेजारच्या लॅबमधून एनजीएफचा न उघडलेला भाग मिळाला. काल दुपारी लावलं, आत्ता आठपैकी सहा गोळ्यांना चहूकडून तंतू फुटलेत, काहींचे अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे. एनजीएफ नसलेल्या डिशमध्ये जवळजवळ काही नाही. एक शंका. चाळीसच्या लेन्सखाली टोकाला पसरलेल्या पंजासारखं दिसतं, बारीक बोटं पुढे चाचपतात. त्यातलं एक माझ्या डोळ्यांदेखत आखडून मागे गेलं. मेलं का ते?

जुना_प्राध्यापक:
नाही बाळा, ते ग्रोथ कोन, वाढत्या तंतूचं टोक. काहाल या शास्त्रज्ञाने १८९० मध्ये कोंबडीच्याच भ्रूणात त्याचं वर्णन केलं होतं, रंगवलेल्या कापांवरून. ते पुढे जातं, थांबतं, मागे येतं, पुन्हा दुसरीकडे जातं. दहा मिनिटं तिथेच बघत राहा.

पेशीवेडी:
बाजूने गेलं सर! फोटो घेतला.